शेषातून अज्ञाताचा शोध घेणारे भास्कराचार्य

नववीच्या बीजगणितात शेष सिद्धांत येतो. क्ष वर्ग अधिक क गुणिले क्ष अधिक ५ या बहुपदीला क्ष उणे २ ने भागल्यावर बाकी १५ उरत असेल, तर क किती? क्षच्या जागी २ घातले की ४ अधिक २क अधिक ५ बरोबर १५, म्हणून क ३. हा सिद्धांत भास्कराचार्यांचा नव्हे. मात्र बाकीच्या धाग्याने अज्ञातापर्यंत पोहोचण्याची आर्यभटापासून चालत आलेली कुट्टक विद्या त्यांनी 'लीलावती' आणि 'बीजगणित' या ग्रंथांत विलक्षण सुबोधपणे मांडली. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळविले असता १९५ ने निःशेष भाग जाईल, हा त्यांचा प्रश्न. उत्तर ५, भागाकार ६.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ हे त्यांचे जन्मवर्ष. वडील महेश्वर हेच गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे गाव त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. पण ते नेमके कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी विजापूर सांगतात, कोणी चाळीसगावजवळील पाटण.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' सिद्ध झाला. अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन समीकरणे मांडण्याची रीत त्यात दिसते. ज्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविल्यास पुन्हा वर्गच मिळेल, असा वर्ग शोधण्याचे कोडे त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविले. त्या वर्गाचे लहानात लहान मूळ २२,६१,५३,९८० आहे! हेच कोडे फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले. ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' रचले.

घटिकापात्रात मोती पडून कन्या लीलावतीचा मुहूर्त हुकल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. तिला समकालीन आधार नाही. पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव यांचा आधार मात्र शिलेवर कोरलेला आहे. यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटण येथे मठ स्थापिला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वंशाचा वृत्तांत संस्कृतात. शेवटी मठाला दिलेल्या दानाची नोंद जुन्या मराठीत.