दगडातली पाने जपणारे हिस्लॉप

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. शाळा सांभाळून सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते कामठी, सिलेवाडा भागात दगडांवर उमटलेली पाने गोळा करत. ओळख पटवण्यासाठी त्यांनी नमुने इंग्लंडला पाठवले. चार्ल्स बनबरी यांनी पानांचा आकार आणि शिरांची जाळी पाहून केलेले वर्गीकरण १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जिभेसारखे ग्लॉसोप्टेरिसचे पान होते. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. वय अवघे ४५. पुढे हेच पान भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकेकाळी जोडलेले असल्याचा भक्कम पुरावा ठरले.