सॅम्युएल मिल्स आणि गवताची गंजी

मुंबईस अमेरिकन मराठी मिशनचें काम १८१३ सालीं सुरू झालें, हें आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याचें बीज सात वर्षें आधीं एका लहानशा कॉलेजाशेजारच्या कुरणांत पडलें, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तें पेरणाऱ्या सॅम्युएल मिल्स यांचें चरित्र येथें संक्षेपानें देत आहों.

मिल्स यांचा जन्म १७८३ सालीं अमेरिकेंतील कनेटिकट प्रांतीं झाला. वडील पाळक होते. आईनें या मुलास प्रभूच्या सेवेस वाहिलें होतें. तरी तरुणपणीं कांहीं वर्षें त्यांच्या मनास शांति नव्हती. ती लाभल्यावर १८०६ सालीं ते मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील विल्यम्स कॉलेजांत दाखल झाले. डोंगरांमधलें हें कॉलेज लहान होतें व त्याच्या इमारती दोनच होत्या. मिल्स अभ्यासांत अग्रगण्य नव्हते, बोलण्यांतही त्यांची छाप पडत नसे. परंतु सोबत्यांस एकत्र आणण्याची हातोटी त्यांस होती.

कांहीं विद्यार्थी बुधवारीं व शनिवारीं दुपारीं कॉलेजाबाहेर झाडांखालीं प्रार्थनेस जमत. ऑगस्ट १८०६ मधील एका शनिवारीं उकाडा फार होता व पांचच जण आले. इतक्यांत मेघ गर्जूं लागले, तेव्हां ते धांवत जवळच्या गवताच्या गंजीच्या आडोशास बसले. वर्गांत आशिया खंडाचा भूगोल चालू असल्यामुळें बोलणें त्यावर आलें. त्या देशांस सुवार्ता आपणच न्यावी, असें मिल्स यांनीं सुचविलें. हार्वे लूमिस यांस हें पटलें नाहीं. ते देश अद्याप त्यास योग्य झाले नाहींत, असें त्यांचें म्हणणें पडलें. बाकीचे मिल्स यांच्या बाजूस राहिले, आणि वादळ चालू असतांच त्यांनीं प्रार्थना केली.

१८०८ सालीं मिल्स व त्यांचे मित्र यांनीं कॉलेजांत एक बंधुसमाज स्थापिला. लोक आपणांस माथेफिरू म्हणतील, या भीतीनें तो गुप्त ठेवून त्याचे नियम सांकेतिक लिपींत लिहिले. पुढें अँडोव्हर येथील सेमिनरींत मिल्स व इतर विद्यार्थ्यांनीं मिळून पाळकांच्या सभेकडे अर्ज केला. त्यावर सहा नांवें होतीं. इतक्यांचा खर्च ऐकून सभा बिचकेल म्हणून दोन खोडलीं! त्या अर्जावरून १८१० सालीं अमेरिकन बोर्ड स्थापन झालें.

१८१२ सालीं पांच मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांपैकीं गॉर्डन हॉल हे विल्यम्स कॉलेजचेच होते. ते सॅम्युएल नॉट यांजसह फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस पोहोंचले, आणि १८२६ सालीं नाशिकाहून परततांना पटकीनें वारले.

त्या पांचांत मिल्स नव्हते. ज्यांनीं इतरांस उठविलें ते स्वतः मागें राहिले. परंतु स्वस्थ बसले नाहींत. अमेरिकेच्या पश्चिम व दक्षिण भागांत हिंडून त्यांनीं पवित्र शास्त्रें वांटलीं, व १८१६ सालीं अमेरिकन बायबल सोसायटी निघाली तीस त्यांचे श्रमही कारण झाले. दास्यमुक्त कृष्णवर्णीयांच्या वसाहतीकरितां जागा पाहण्यास ते आफ्रिकेस गेले. तेथून परततांना जून १८१८ मध्यें तापानें जहाजावरच त्यांस मरण आलें. वय अवघें पस्तीस. देह समुद्रास अर्पण झाला.

गंजीजवळच्या पांचांपैकीं जेम्स रिचर्ड्स सिलोनांत मिशनरी झाले व तेथेंच वारले. विरोध करणारे लूमिसही पाळक झाले व स्वदेशींच मंडळीची सेवा करीत राहिले. बायरम ग्रीन यांनीं १८५४ सालीं, वृद्धपणीं, ती जागा दाखविली. तेथें १८६७ सालीं स्मारकस्तंभ उभा राहिला.

मिल्स यांनीं मराठी मुलूख कधीं पाहिला नाहीं, तरी त्यांच्या श्रमाचें फळ या मुलखांत आलें. म्हणून, उपदेशक बंधूंनो, पावसाच्या दिवशीं प्रार्थनेस चारपांचच माणसें आलीं, तर दिवा लवकर मालवूं नका. गंजीच्या आडोशासही पांचच होते.