रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली आणि महाराष्ट्राच्या शेतात लोखंडी नांगर आणला

पेणवरून अलिबागला निघालात, वडखळ मागे पडलं की धरमतरची खाडी लागते. बाजूला डोलवीचा अवाढव्य स्टीलचा कारखाना. पण त्या कारखान्याआधी आणि नंतरही रस्त्याच्या कडेला एक गोष्ट हमखास दिसते. पत्र्याची शेड, बाहेर उभं केलेलं अर्धवट गेट, आणि आत वेल्डिंगच्या ठिणग्या. गेट, ग्रील, जिना, ट्रॉली, मंडपाचा सांगाडा, काय हवं ते सांगा, माणूस खडूने जमिनीवर आकृती काढतो आणि कामाला लागतो.

महाराष्ट्रात कुठेही जा, असं एक दुकान सापडतंच. एक-दोन माणसं, मोजकी हत्यारं, आणि दुरुस्ती करता करता नवीन काहीतरी बनवायची खुमखुमी.

आज ज्यांचं नाव मोठ्या उद्योगपतींच्या यादीत घेतलं जातं, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात अशाच एका दुकानातून झाली होती. फरक इतकाच, की त्यांच्या दुकानात वेल्डिंग मशिन नव्हतं. कारण तेव्हा ते भारतातल्या छोट्या दुकानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगावजवळचं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या होत्या, पण पोराचं लक्ष चित्रांत आणि यंत्रांत.

थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या काळातल्या एका साध्या ब्राह्मण घरातल्या मुलाने चित्रकला शिकायला मुंबई गाठणं हेच मोठं धाडस होतं.

पण तिथे गाडी अडली. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही, म्हणजे अंशतः रंगांधळेपणा आहे, हे लक्षात आलं. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कुठला असणार?

त्यांनी रंग सोडले, पण पेन्सिल नाही सोडली. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. एखाद्या यंत्राचा भाग समोरून, बाजूने, वरून कसा दिसतो, माप किती, भोक कुठे, हे कागदावर उतरवायचं. याला रंग लागत नाही. नजर आणि माप लागतं.

याच जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायची नोकरी मिळाली. वर्गात ड्रॉइंग शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांशी झटापट करायची, असा त्यांचा दिनक्रम होता. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे आलं ते हात काळे करून आलं.

सायकलचं दुकान

१८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. सायकल म्हणजे तेव्हा अप्रूप. आजच्या भाषेत सांगायचं तर लोकांना प्रॉडक्ट विकण्याआधी ते वापरायचं कसं हे शिकवावं लागत होतं. पुढे नांगर विकताना हाच अनुभव कामी आला.

त्या काळच्या सायकलची फ्रेम जोडलेली कशी असायची? पोलादी नळ्या एका खोबणीत बसवायच्या, सांधा तापवायचा आणि त्यात वितळलेलं पितळ सोडायचं. नळी वितळत नाही, फक्त पितळ वितळून फटीत शिरतं आणि धरून ठेवतं. यालाच ब्रेझिंग म्हणतात.

वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. गंमत बघा, ज्या १८८८ साली बेळगावात हे दुकान सुरू झालं, त्याच साली रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी धातूची कांडी वापरून विजेच्या ठिणगीने वेल्डिंग करून दाखवलं. आज नाक्यावरच्या दुकानात दिसणाऱ्या रॉड वेल्डिंगचा तो पूर्वज. रॉडवर लेप देण्याची कल्पना स्वीडनच्या ऑस्कर शेल्बर्ग यांनी १९०४ च्या सुमारास आणली. पण हे सगळं युरोपात. आपल्याकडे गावात वीजच नव्हती, तर विजेचं वेल्डिंग कुठून येणार?

मग लोखंड जोडायचं कसं? तीन वाटा होत्या. लोहाराने दोन तुकडे भट्टीत पांढरेफटक होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घण मारून एक करायचे. किंवा भोकं पाडून रिबीट ठोकायचे. किंवा सरळ नटबोल्ट. लक्ष्मणरावांचं पुढचं सगळं काम या मर्यादेत झालं, हे लक्षात ठेवलं की त्यांच्या यंत्रांची रचना तशी का होती ते कळतं.

नोकरीवर लाथ

व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन माणसाला देण्यात आली. काम येत असूनही कातडीचा रंग आडवा आला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

पक्का पगार सोडून सायकलच्या दुकानात येऊन बसणं म्हणजे त्या काळी लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच. पण दुकानात आता नुसत्या सायकली राहिल्या नाहीत. त्यांनी पवनचक्क्या विकायची एजन्सी घेतली. लेथसारखी मोजकी यंत्रं जमवली. परदेशी यंत्रांची माहिती वाचायची, त्यातलं आपल्या शेतकऱ्याला काय उपयोगी आहे ते निवडायचं आणि करून बघायचं, असा सपाटा सुरू झाला.

पहिलं यश मिळालं कडबा कापायच्या यंत्राला. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला की निम्मा तुडवून वाया जातो. बारीक करून टाकला की खाल्ला जातो. शेतकऱ्याला हिशेब लगेच कळला.

नांगर कोणी घेईना

त्यानंतर आला लोखंडी नांगर. आणि इथे सगळं अडलं.

लाकडी नांगर माती फाडत जातो, पण उलटी करत नाही. लोखंडी नांगराचा वाकवलेला पत्रा मातीची चिप उचलून पालथी घालतो. त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या वर येतात आणि उन्हात मरतात. फायदा उघड होता. तरीही पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये होता.

आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूने विचार केला तर भीतीत थोडं तथ्यही होतं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगर रोख पैशाने घ्यायचा, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर कोणाकडे जायचं?

हा प्रश्न खरा होता, कारण नांगराचे बरेच भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असायचे. बिडात कार्बन भरपूर असतो. ते कडक असतं, झिजत नाही, पण ठिसूळ असतं. आजही कुठल्याही वेल्डरला विचारा, बिडाचा तुकडा बघितला की तो आधी कपाळाला आठ्या घालतो. साध्या रॉडने जोडायला गेलं तर थंड होताना शेजारीच तडकतं. आधी भाग तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, आणि सावकाश गार करावं लागतं. गावच्या लोहारालाही बीड ऐरणीवर ठोकून जोडता येत नाही, ते फुटतं.

यावर उपाय होता तो म्हणजे सुटे भाग. फाळ झिजला तर बोल्ट सोडायचे, नवीन फाळ बसवायचा. जोडायची गरजच नाही. पण त्यासाठी प्रत्येक फाळ अगदी त्याच मापाचा हवा, भोकं त्याच जागी हवीत, आणि तो गिऱ्हाइकाला वेळेवर मिळायला हवा. ड्रॉइंग मास्तरचं माप इथे उपयोगी पडलं.

दुकान उठलं

धंदा कुठे रुळावर येतोय तोच बेळगाव नगरपालिकेने विस्तारासाठी जागा हवी म्हणून कारखाना हलवायला सांगितलं. यंत्रं, भट्टी, माणसं घेऊन जायचं कुठे?

इथे मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळ जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं.

जागा होती ३२ एकरांची. ऐकायला भारी वाटतं, पण तिथे काय होतं? निवडुंग आणि नाग. पाण्याची वानवा. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपली माणसं घेऊन तिथे उतरले. आधी निवडुंग तोडला, मग शेड आणि घरं उभी केली. तीच किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली. भारतातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

या वसाहतीचे काही नियम त्या काळाच्या पुढचे होते. अस्पृश्यता पाळायला तिथे बंदी होती. आणि रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्यापासून लोक तिजोरी लपवत होते, त्यांच्याच हातात त्यांनी राखण दिली. माणूस बदलू शकतो यावर त्यांचा विश्वास होता, आणि कारखाना त्याच विश्वासावर चालवला गेला.

युद्ध आलं, लोखंड गेलं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगरांची आवक आटली, त्यामुळे किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी रिकामी, अशी अवस्था. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या काळात जुन्या तोफा नांगरासाठी वितळवायला दिल्याची गोष्ट आजही त्या भागात सांगितली जाते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. नांगराच्या जोडीला ऊस गाळायचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र आलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून शिकून १९२६ मध्ये परतला, आणि त्याच सुमारास कंपनीने पाण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप बनवायला सुरुवात केली.

वाडीत फक्त लोखंड ओतलं जात नव्हतं. पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी सुरू केलेलं ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ही मासिकं वाचत मोठ्या झाल्या.

१९४१ मध्ये हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळुरूत विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्या आल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले तेव्हा विहिरीवरचं इंजिन आणि पंप म्हणजे किर्लोस्कर, हे समीकरण गावोगावी पक्कं होत चाललं होतं.

मग या गोष्टीतून घ्यायचं काय?

जिद्द असेल तर सगळं होतं, असं म्हणून ही गोष्ट संपवता येईल. पण ते अर्धंच खरं ठरेल.

लक्ष्मणरावांकडे जिद्द बेळगावातही होती, तरी दुकान उठलंच. त्यांना तारलं ते जमीन, बिनव्याजी भांडवल आणि रेल्वे स्टेशन या तीन गोष्टींनी. शिवाय मुंबईत असताना घर आणि दुकान सांभाळणारा भाऊ होता. त्या काळात त्यांच्याइतक्याच कसबी हाताचे कितीतरी लोहार गावागावांत होते. त्यांना शाळा मिळाली नाही, ड्रॉइंगचा कागद मिळाला नाही, राजाही मिळाला नाही.

आज वेल्डिंग मशिन खांद्याला अडकवून नेता येतं. जे सांधे लक्ष्मणरावांना रिबीट आणि बोल्टने करावे लागले, ते नाक्यावरचा पोरगा दोन मिनिटांत करतो. हत्यारांचा प्रश्न बराचसा सुटलाय. पण जागा कधी खाली करावी लागेल याची धास्ती, कर्जाला तारण काय ठेवायचं हा प्रश्न, आणि मोठ्या कंपनीचा माल सोडून आपला माल कोण घेणार ही चिंता, हे सगळं १९१० मध्ये होतं तसंच आहे.

बेळगावात जिथे ते सायकलचं दुकान होतं, त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात. कुंडल रोड स्टेशनचं नावही बदललं. पुणे-मिरज मार्गावरच्या गाडीतून जाताना आता तिथे ‘किर्लोस्करवाडी’ अशी पाटी दिसते. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.