विश्लेषण : राजापूरच्या गाळाचे उत्तर महात्मा फुले यांच्या ‘असूड’मध्ये कसे सापडते?

राजापूरची बाजारपेठ दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांकडे धास्तीने पाहत असते. पुराचे पाणी ओसरते, चिखल मात्र दुकानांत राहतो. सतराव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांनी गजबजलेले हे बंदर पुढे खाडी गाळाने भरत गेल्याने मागे पडले. आता महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी कापलेल्या डोंगरांची तांबडी मातीही उघडी पडली आहे. माती ओढ्याला मिळण्याआधीच अडवावी, ही शिफारस जोतीराव फुले यांनी १८८३ मध्येच केली होती.

फुले यांचा मातीशी संबंध काय?

शाळा, सत्यशोधक समाज, ‘गुलामगिरी’ यांमुळे फुले सर्वांना माहीत आहेत. शेतकरी आणि ठेकेदार फुले तितकेसे नाहीत. १८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांचे घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे. पुण्यात घरचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय होता. लहानपणी शाळा सुटली तेव्हा ते शेतातच राबत होते. १८४१ मध्ये मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू करणाऱ्या या माणसाचे पोट पुढे भरत होते ते बांधकामाच्या ठेक्यांवर. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा संबंध आला. मांजरीला त्यांनी कालव्याच्या पाण्यावर शेतीही केली. म्हणजे डोंगर फोडणारी कामे आणि पाण्याची वाट पाहणारे शेत, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. बांधकाम खात्यातील लाचखोरीवर त्यांनी सडकून लिहिले, तेही याच अनुभवातून.

‘असूड’मध्ये नेमके काय सुचवले आहे?

‘शेतकऱ्याचा असूड’च्या शेवटच्या भागात उपाय आहेत. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेल्या कीटक-जनावरांचे सत्त्व वळवाच्या पावसाने धुऊन ओढ्यात जाते, हे फुले यांना खटकत होते. म्हणून रिकाम्या बसलेल्या लष्कराकडून आणि पोलीस शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, पाणी आधी शेतात मुरावे आणि मग नदीला मिळावे, असे त्यांनी सुचवले. नदी-नाले आणि तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, हीही त्यांची मागणी होती. धूप थांबवणे आणि गाळ परत शेतात नेणे यांचा असा एकत्र विचार त्या काळात विरळाच.

राजापुरात हे कसे लागू पडेल?

फुले यांच्यासमोर प्रामुख्याने देशावरची शेती होती. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उतार तीव्र, त्यामुळे हिशेब अधिक कठीण. तत्त्व मात्र तेच. खोदकाम चालू असेल तिथे उताराला आडवे, समपातळीत तात्पुरते अडथळे घालायचे : मातीने भरलेल्या गोणी, पेंढ्याचे भारे, जाड कापडाचे कुंपण किंवा नुसते रचलेले दगड. कोकणी माणसाला गडगा घालणे नवीन नाही. पाणी अडथळ्यामागे थबकते, वेग कमी होतो आणि जड कण खाली बसतात. अगदी बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर निसटते. त्यासाठी मोकळ्या जमिनीवर पेंढा अंथरणे आणि गवत उगवून घेणे हाच मार्ग. कुंपणाचे बूड जमिनीत गाडले नाही, तर पाणी खालून वाट काढते. मागचा गाळ वेळेत काढला नाही, तर पुढच्या सरीला सारेच वाहून जाते. अशी कामे फसतात ती बहुधा या शेवटच्या दोन कारणांनी. वनराई बंधारेही गोणींचेच, पण ते पावसाळा सरल्यावर पाणी साठवण्यासाठी घालतात. माती अडवणारे अडथळे पहिल्या पावसाआधी उभे हवेत.

शिफारशींचे पुढे काय झाले?

फुले यांनी ‘असूड’ गावोगाव वाचून दाखवला, बडोद्यात सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. ‘दीनबंधू’ने पहिले दोन भाग छापले आणि पुढे छपाई थांबवली, बंधाऱ्यांचा भाग हस्तलिखितातच राहिला. १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली, त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा संपूर्ण ग्रंथ छापलेला नव्हता. गाळ शेतात नेण्याची कल्पना राज्याने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आणली. अर्जुनेचा गाळही अलीकडे यंत्रांनी उपसण्यात आला. तो जिथून आला, ते उघडे उतार मात्र अजून वरच आहेत.