सायलेन्सरचा शिल्पकार : वॉल्टर काडेन

गडचांदूर मागे पडले की रस्ता माणिकगडच्या डोंगररांगेत शिरतो आणि जिवतीच्या पठाराकडे चढू लागतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांत, दुचाकी ही चैन नसून गरज आहे. बाजार, दवाखाना, शाळा आणि तहसील कचेरी या साऱ्यांसाठी तीच उपयोगी पडते. अशा डोंगराळ भागांत जुन्या गाड्यांना अजूनही मान आहे. राजदूत, येझदी आणि विशेषतः यामाहा आरएक्स १०० या गाड्यांचे उत्पादन थांबून अनेक वर्षे लोटली, तरी त्यांचे चाहते सरलेले नाहीत. जुनी आरएक्स १०० हाती आली की अनेक तरुण पहिला खर्च करतात तो सायलेन्सरवर. मूळ सायलेन्सर उतरतो आणि त्याच्या जागी मध्यभागी फुगीर पोट असलेला, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा नळकांड्याचा सांगाडा बसतो. हा आकार कोठून आला, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. तो आकार घडवण्यात आयुष्य वेचलेल्या माणसाचे नाव वॉल्टर काडेन.

काडेन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, पोबरशाऊ या डोंगरी गावात झाला. जवळच त्शोपाऊ हे गाव होते आणि तेथे डीकेडब्ल्यू हा मोटारसायकलींचा मोठा कारखाना होता. वडील त्याच कारखान्याच्या विक्री व्यवस्थापकांचे मोटारचालक होते. त्यामुळे इंजिनाचा आवाज आणि तेलाचा वास या मुलाच्या बालपणाचाच भाग झाला. १९२७ मध्ये नुर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हा लहानग्या वॉल्टरला ते पाहण्याची संधी मिळाली. पुढे केमनिट्झ येथे त्यांनी तांत्रिक शिक्षण घेतले.

शिक्षण संपले तेव्हा युद्ध सुरू झाले होते. १९४० मध्ये काडेन बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात दाखल झाले. तेथे प्राध्यापक हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली रेडिओने नियंत्रित होणाऱ्या अग्निबाण-बॉम्बवर काम चालले होते. काडेन हे व्ही-२ अग्निबाणांचे अभियंते होते, अशी आख्यायिका नंतर रूढ झाली. पण ती खरी नाही. एवढे मात्र खरे, की वायूंचा दाब, त्यांचा वेग आणि त्यांच्या लहरी यांच्याशी त्यांचा परिचय या काळात झाला. हे ज्ञान संहारासाठी वापरले जात होते, ही त्या पिढीच्या अनेक अभियंत्यांच्या आयुष्यातील काळी बाजू काडेन यांच्याही वाट्याला आली.

युद्ध संपले. देशाचे तुकडे झाले आणि त्शोपाऊ सोव्हिएत अमलाखालील पूर्व भागात गेले. काडेन गावी परतले आणि त्यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांना छपरे हवी होती. त्यासाठीचे लाकूडकाम ते पुरवीत. मात्र फावल्या वेळात त्यांचे हात डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या छोट्या मोटारसायकलीवरच चालत. स्वतः सुधारलेल्या या गाडीवर ते स्थानिक शर्यतींत उतरत. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. याच आरटी १२५ ची नक्कल करून जपानमध्ये यामाहाने १९५५ मध्ये आपली पहिली मोटारसायकल बनवली. म्हणजे जिवतीच्या वाटेवर धावणाऱ्या आरएक्स १०० चे मूळ पाहू गेल्यास ते त्शोपाऊच्या कारखान्यातच सापडते.

१९५३ मध्ये कारखान्याच्या शर्यत विभागाची सूत्रे काडेन यांच्याकडे आली. पुढे या कारखान्याचे नाव एमझेड झाले. त्या काळी टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे स्वस्त, धुरकट आणि दुय्यम, असा समज होता. शर्यतीत मान होता तो फोर-स्ट्रोक इंजिनांना. टू-स्ट्रोकचा दोष उघड होता. जळालेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची क्रिया जवळपास एकाच वेळी घडते; त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. इंधन वाया जाते आणि शक्तीही.

काडेन यांचे मोठेपण असे, की या दोषावरचा उपाय त्यांनी दोष जेथे दिसत होता तेथेच, म्हणजे धुराच्या नळीत शोधला. सिलिंडरचे बाहेर जाणारे छिद्र उघडताच दाबाची एक लहर नळीतून ध्वनीच्या वेगाने धावत सुटते. नळी हळूहळू रुंद होत गेली, तर त्या लहरीतून उलट दिशेने एक ओढ निर्माण होते आणि ती सिलिंडरमधील उरलासुरला धूर खेचून घेते. पुढे नळी पुन्हा अरुंद झाली, की तेथे आपटलेली लहर दाब घेऊन माघारी येते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण छिद्र बंद होण्याच्या ऐन क्षणी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. फुगीर पोटाच्या सायलेन्सरचे रहस्य ते हेच. ही कल्पना सर्वस्वी काडेन यांची नव्हती. एरिक वुल्फ यांनी १९५१ मध्येच अशा नळ्या वापरल्या होत्या. इंजिनात मिश्रण सोडणाऱ्या फिरत्या चकतीची कल्पना डॅनियल झिमरमन या हौशी कारागिराची होती. काडेन यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या, सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणासाठी आणखी एक वाट खोदली आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लहरींची चाल पाहत नळीची लांबी, रुंदी आणि उतार यांचे माप ठरवले.

फळ विस्मयकारक होते. १९५४ च्या सुमारास त्यांचे १२५ सीसीचे इंजिन १३ अश्वशक्ती देत होते. १९६१ मध्ये तेवढ्याच आकाराच्या इंजिनाने मिनिटाला १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती. बाहेरून हवा दाबून न भरता एवढी शक्ती देणारे इंजिन तोवर झाले नव्हते. आणि हे घडत होते ते टंचाईच्या देशात. चांगले धातू, बेअरिंगे, चेन यांसारख्या साध्या वस्तू मिळवण्यासाठी जेथे खटपट करावी लागे, तेथे मूठभर सहकाऱ्यांसह काडेन होंडासारख्या धनाढ्य कंपनीशी झुंज देत होते. १९५८ मध्ये हॉर्स्ट फ्यूग्नरने स्वीडनमध्ये २५० सीसी गटात एमझेडला पहिली ग्रां प्री जिंकून दिली.

१९६१ हे वर्ष काडेन यांच्या आयुष्यातील परमोच्च यशाचे ठरायचे, ते सर्वांत मोठ्या आघाताचे ठरले. १२५ सीसी गटात त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभा होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाड येथील शर्यतीत डेग्नरचे इंजिन निकामी झाले आणि त्यानंतर तो संघाकडे परतलाच नाही. त्याच सुमारास त्याची पत्नी आणि मुले मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेकडे पोहोचली. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले. डेग्नर जपानमधील सुझुकीच्या कारखान्यात दाखल झाला आणि काडेन यांनी वर्षानुवर्षे खपून मिळवलेली मापे त्याच्याबरोबर तेथे पोहोचली. १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर डेग्नर जगज्जेता झाला. टू-स्ट्रोक इंजिनाचे ते पहिले जागतिक विजेतेपद होते. पण त्यावर त्शोपाऊचे नाव नव्हते.

संघातील प्रमुख स्वार देश सोडून गेल्यावर मागे राहिलेल्यांकडे संशयाने पाहिले जाणे त्या राजवटीत अटळ होते. तरीही काडेन यांनी आपले गाव आणि आपला कारखाना सोडला नाही. १९६३ मध्ये साक्सेनरिंगवर घरच्या प्रेक्षकांसमोर माइक हेलवूडने एमझेडवर २५० सीसीची शर्यत जिंकली, तेव्हा त्या निष्ठेचे थोडे चीज झाले असावे. १९७६ पर्यंत त्यांच्या गाड्यांनी १३ ग्रां प्री जिंकल्या. जागतिक विजेतेपद मात्र कधीच लाभले नाही. दरम्यान सुझुकी, यामाहा आणि कावासाकी यांनी त्यांचेच तत्त्व घेऊन जग पादाक्रांत केले. ३ मार्च १९९६ रोजी काडेन यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारतात आरएक्स १०० चे उत्पादन थांबले, हाही एक योगायोगच.

काडेन यांचे नाव विस्मरणात गेले, पण त्यांचा आकार बाजारात उरला. अडचण अशी, की आकार विकत मिळतो, माप मिळत नाही. काडेन यांची प्रत्येक नळी एका विशिष्ट इंजिनासाठी, फेऱ्यांच्या एका विशिष्ट टप्प्यासाठी तयार झालेली असे. त्या टप्प्यावर ती इंजिनाला उचलून धरते. त्याखाली लहरी वेळेवर परतत नाहीत आणि इंजिन मूळ नळीपेक्षाही दुबळे होऊ शकते. शर्यतीत फेऱ्या सतत वरच्या टप्प्यात ठेवता येतात. घाटात मागे माणूस आणि समोर धान्याची पिशवी घेऊन चढताना गरज असते ती कमी फेऱ्यांवरील ओढीची. नेमकी तीच या फुगीर सायलेन्सरने कमी होते. वाढलेला आवाज शक्ती वाढल्याचा भास तेवढा देतो.

याहून गंभीर प्रश्न आहे तो फुगीर पोटाच्या जागेचा. हा प्रश्न शर्यतीच्या अभियंत्यांनाही सुटता सुटला नव्हता. १९८४ मध्ये होंडाने आपल्या ५०० सीसी गाडीत पेट्रोलची टाकी इंजिनाखाली नेली आणि सारे सायलेन्सर इंजिनावरून फिरवले. गाडी हाताळायला अवघड झाली आणि पुढच्याच वर्षी ती रचना सोडून द्यावी लागली. एवढी कसरत करण्याचे कारण साधे आहे. वळणावर दुचाकी झुकावीच लागते. २० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घेतले, तर गाडी सुमारे २० अंश झुकते. वेग ताशी ४० झाला, तर झुकाव ३२ अंशांवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण झुकाव दीडपटीहून अधिक झाला. शिवाय तेवढ्या झुकावात स्प्रिंगांवरचा भार सरळ चालीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो आणि गाडी खाली दबते. वीस-तीस वर्षांच्या गाडीचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर आधीच बसलेले असतील आणि मागे कोणी बसले असेल, तर जमिनीपासूनचे उरलेसुरले अंतरही संपते.

मूळ गाडी घडवणाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब केलेला असतो. वरच्या बाजूला दुमडणारा फुटरेस्ट आधी रस्त्याला लागतो, घासतो, दुमडतो आणि स्वाराला सावध करतो. बाहेर आलेले सायलेन्सरचे पोट दुमडत नाही. ते रस्त्याला टेकले की गाडीचा भार चाकावरून लोखंडावर येतो, मागच्या टायरची पकड सुटते आणि सावरायला क्षणही मिळत नाही. आरएक्स १०० चा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. त्यामुळे हा धोका उजव्या वळणावर असतो आणि घसरलेला स्वार बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दिशेने फेकला जातो. घाटात त्या कडेपलीकडे काय असते, हे सांगायला नको. येझदीला दोन्ही बाजूंना सायलेन्सर असल्याने तेथे दोन्ही वळणे सारखीच.

राज्यातील अनेक शहरांत पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात. ती कारवाई आवाजासाठी असते. वळणावर दडलेला धोका मात्र कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. जुन्या गाडीवर नवा सायलेन्सर बसवायचाच असेल, तर रिकाम्या जागी गाडी बंद ठेवून, मागे माणूस बसवून दोन्ही बाजूंना झुकवून पाहावी. फुटरेस्टच्या आधी नळकांडे जमिनीला लागत असेल, तर ती गाडी घाटासाठी नाही, एवढे पुरेसे आहे.

वॉल्टर काडेन यांच्यापाशी संपत्ती नव्हती, साधने नव्हती आणि अखेर स्वतःच्या शोधावर हक्कही उरला नाही. त्यांच्यापाशी होते ते माप. मिलिमीटरभर बदल केला तरी त्याची किंमत कोठे मोजावी लागेल, हे तपासल्याशिवाय ते गाडी शर्यतीत उतरवीत नसत. त्यांचा आकार आज कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात टांगलेला दिसतो. त्यांची ही सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते, आणि डोंगराच्या वळणावर खरी गरज तिचीच असते.