लंबक, घंटा आणि लक्ष : विल्हेल्म वुंट

ही गोष्ट आहे वर्गात कधीच लक्ष नसणाऱ्या एका मुलाची. पुढे त्याच मुलाने लक्ष म्हणजे काय, हे मोजायला जगाला शिकवलं.

स्वप्नाळू मुलगा

विल्हेल्म वुंट यांचा जन्म १६ ऑगस्ट १८३२ रोजी जर्मनीत, मानहाइम शहराजवळच्या नेकाराउ या गावी झाला. वडील चर्चमध्ये पाद्री होते. विल्हेल्म एकटा एकटा राहायचा. पुस्तक समोर उघडं असायचं, पण मन भलतीकडेच भटकत असायचं.

बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला ब्रुखझालच्या शाळेत घातलं. तिथे त्याचे फार हाल झाले. मार्क कमी, मित्र नाहीत, वर शिक्षकांचा मार. याला शिक्षण झेपणार नाही, त्यापेक्षा टपालखात्यात नोकरी धरावी, असा सल्लाही एका शिक्षकांनी दिला. घरच्यांनी मात्र तो ऐकला नाही. त्यांनी विल्हेल्मला हायडेलबर्गच्या शाळेत पाठवलं. तिथे त्याला मित्र मिळाले, वाचनाची गोडी लागली आणि गाडी रुळावर आली. १८५६ साली तो डॉक्टर झाला. दोन वर्षांनी हेल्महोल्ट्झ या मोठ्या शास्त्रज्ञांचा मदतनीस म्हणून त्याला काम मिळालं.

एका सेकंदाहून कमी फरक

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना एक कोडं पडलं होतं. दुर्बिणीतल्या बारीक तारेसमोरून तारा नेमका केव्हा गेला, हे त्यांना नोंदवायचं असे. डोळा ताऱ्यावर आणि कान घड्याळाच्या टिकटिकीवर! पण दोन माणसांच्या नोंदी काही जुळत नसत.

इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत १७९६ साली किनब्रुक नावाच्या मदतनीसाची नोकरी याच कारणाने गेली. त्याच्या आणि त्याच्या साहेबांच्या नोंदींत एका सेकंदाच्या दहा भागांपैकी आठ भागांचा फरक पडत होता. सगळ्यांना वाटलं, हा निष्काळजी आहे. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने बारकाईने पाहिलं. तेव्हा असा फरक चांगल्या, अनुभवी निरीक्षकांमध्येही पडतो, हे कळलं. पण तो का पडतो?

घरचं घड्याळ, विणकामाची सुई

१८६१ साली वुंट यांनी घरच्या घरी एक प्रयोग मांडला. त्यांनी लंबकाच्या घड्याळाला विणकामाची सुई अशी बसवली, की लंबक ठरावीक जागी आला की सुई घंटेला लागायची आणि टोल पडायचा. लंबकामागे मोजपट्टी होती. टोल ऐकू येईल त्या क्षणी लंबक कुठे दिसतो, एवढंच पाहायचं होतं.

लंबक खऱ्या जागी दिसेचना! तो दर वेळी थोडा सरकलेला दिसे. त्या अंतरावरून वुंट यांनी वेळेचं गणित केलं. उत्तर आलं, सुमारे एक अष्टमांश सेकंद. त्यांनी निष्कर्ष काढला, की पाहणं आणि ऐकणं या दोन्हींवर मन एकाच क्षणी पूर्ण लक्ष देऊ शकत नाही. आधी एक, मग दुसरं. आपल्याला मात्र वाटतं, की दोन्ही एकदमच झालं.

म्हणजे बिचाऱ्या किनब्रुकच्या नोंदींतला फरक आळसामुळेच पडला, असं म्हणता येत नव्हतं. माणसाचं लक्षच तसं चालतं.

लाइपझिगची छोटी खोली

१८७५ साली वुंट लाइपझिग विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७९ साली तिथल्या एका छोट्या खोलीत त्यांचे विद्यार्थी स्वतःचे प्रयोग करू लागले. मानसशास्त्राची जगातली पहिली प्रयोगशाळा म्हणून ही खोली ओळखली जाते. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळही तिथे होतं. माक्स फ्रीडरिश या विद्यार्थ्याच्या प्रयोगात तर वुंट सर स्वतःच निरीक्षक म्हणून बसले!

प्रयोगासाठी ते चार गोष्टी सांगत. एक, प्रयोग केव्हा सुरू होणार, हे निरीक्षकाला माहीत असावं. दोन, त्याने पूर्ण लक्ष देऊन पाहावं. तीन, तोच प्रयोग त्याच परिस्थितीत पुन्हा पुन्हा करता यावा. चार, परिस्थिती थोडी बदलून काय फरक पडतो, तेही पाहावं.

दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे आले. अमेरिकेहून आलेल्या कॅटेलला आढळलं, की एका नजरेत माणसाला चार-पाचच सुटी अक्षरं टिपता येतात. म्युन्स्टरबर्ग हा विद्यार्थी पुढे अमेरिकेत शिकवू लागला. त्याच्याकडे शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी १९१५-१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला. लाइपझिगची ती खोली अशी भारतापर्यंत पोहोचली.

मनातलं सगळं घड्याळाने मोजता येणार नाही, हे वुंट यांना ठाऊक होतं. भाषा, चालीरीती, दंतकथा यांचा अभ्यास वेगळ्या पद्धतीने करायला हवा, असं त्यांचं मत होतं. त्यावर त्यांनी दहा खंड लिहिले. म्हातारपणी नजर अधू झाली, तेव्हा मुलगी एलेओनोरे त्यांच्या कामात मदत करायची. ३१ ऑगस्ट १९२० रोजी लाइपझिगजवळ ग्रोसबोथेन इथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. टपालखात्यात जा, असं ज्याला सांगितलं होतं, त्या मुलाने आयुष्यभरात पन्नास हजारांहून जास्त पानं लिहिली!

शब्दार्थ

लंबक – घड्याळात इकडून तिकडे झुलणारा गोळा
टोल – घंटेचा एक ठोका
वेधशाळा – आकाशातल्या ग्रहताऱ्यांचं निरीक्षण करण्याची जागा
निष्कर्ष – विचार करून काढलेलं उत्तर
अधू – कमजोर
गाडी रुळावर येणे – बिघडलेलं काम नीट चालू लागणे

विचार करा आणि सांगा

१. ब्रुखझालच्या शाळेत विल्हेल्मचे हाल का झाले?
२. किनब्रुकवर अन्याय झाला, असं तुम्हाला वाटतं का? कारण सांगा.
३. लंबक खऱ्या जागी का दिसत नव्हता?

करून पाहा

दोघांची जोडी करा. एकाने वेळ मोजायची, दुसऱ्याने लिहायचं.
काम अ : आधी क ते ञ ही दहा अक्षरं लिहा, मग १ ते १० अंक लिहा.
काम आ : एक अक्षर, एक अंक असं आलटून पालटून लिहा : क १, ख २, ग ३…

दोन्ही कामं तीन-तीन वेळा करा आणि सरासरी वेळ काढा. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी आधी अ करायचं, बाकीच्यांनी आधी आ. नाहीतर फरक कामामुळे पडला की सरावामुळे, ते कळणार नाही. चुकाही मोजायला विसरू नका. काय होईल असं वाटतं, ते सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवा. शेवटी ताडून पाहा.