पंडिता रमाबाई : त्यांचा धर्मप्रवेश व त्यांच्या शंका

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत संतांचीं व मिशनरी गुरुजनांचीं चरित्रें छापावयाचीं, अशी रीत आहे. आम्हीं येथें जें चरित्र निवडलें आहे तें कोणा संताचें नव्हे, आणि ज्या बाईंचें तें आहे त्या कॅथोलिक धर्मसभेंत कधींच आल्या नाहींत, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. तथापि बारामती व इंदापूर येथील वाचकांस पंडिता रमाबाई परक्या नाहींत. दौंडहून पुण्याकडे जातांना वाटेंत केडगांव लागतें. तेथील मुक्तिसदन त्यांनींच उभारलेलें. दुसरें कारण याहून महत्त्वाचें आहे. कोणत्याही देवळांत मागच्या बाजूस बसणारे कित्येक असे असतात कीं, त्यांस तेथील माणसें आवडतात, प्रार्थना आवडते, मुलांनीं तेथें वाढावें असें वाटतें. परंतु मतांगीकारांतील एखाद्या वाक्यापाशीं त्यांची जीभ अडखळते. अशा मनुष्यानें काय करावें, व इतरांनीं त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न रमाबाईंच्या आयुष्यांत अगदीं उघडपणें पुढें आला होता.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें रमाबाईंस शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडे. ज्या आमच्या गांवांवरून तुकोबांची पालखी दरवर्षीं पंढरीस जाते, त्यांस पायीं चालणाऱ्या भक्तांचें जिणें सांगावयास नको. पण डोंगरे कुटुंबास परतावयास घर असें उरलें नव्हतें. दुष्काळ आला, जवळचें होतें तें दानधर्मांत व उदरनिर्वाहांत संपलें, आणि १८७४ सालीं आईबाप दोघेही उपासमारीनें गेले. पुढें वडील बहीणही गेली. राहिले रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. हीं दोघें अन्नपाण्यावांचून हजारों मैल चालत अखेर १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथें ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यास या बहीणभावंडांस बोलावणें आलें. प्रार्थनेच्या वेळीं सारी मंडळी खुर्च्यांपुढें गुडघे टेकून बसली. समोर मूर्ति नाहीं, कांहीं नाहीं. तेव्हां हे लोक खुर्च्यांची पूजा करितात, असाच या दोघांचा समज झाला! जातीचे ब्राह्मण तेथें साहेब लोकांबरोबर चहा पितांना पाहून तर कलियुग पुरतें भरलें असें त्यांस वाटलें. आम्हांस यांत हसण्यापेक्षां शिकण्यासारखें अधिक दिसतें. आमच्या उपासनेंतील किती गोष्टी दारांतून डोकावणाऱ्यास अशाच दिसत असतील!

१८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला; १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेले. पतीच्या हयातींत, सिल्चर येथें, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली होती. ती वाचून त्यांचें मन ओढलें गेलें. पतीस मात्र तें रुचलें नाहीं.

वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस प्रयाण केलें. आपण ख्रिस्ती होणार नाहीं, असें त्या निघतांना निश्चयानें सांगून गेल्या होत्या.

विलायतेंत वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघानें त्यांस आश्रय दिला. हा संघ अँग्लिकन. पोपमहाशयांच्या आज्ञेंतील नव्हे. परंतु व्रतें, पोशाख, नेमून दिलेल्या वेळच्या प्रार्थना, गोरगरिबांची सेवा, हें सारें आमच्या वाचकांस ओळखीचें वाटावें असेंच होतें. पुढें कानांनीं दगा दिला, बहिरेपणामुळें वैद्यकीचा बेत सुटला. पण लंडनमधील फुलम येथें याच भगिनींचा एक आश्रम होता. मार्ग चुकलेल्या स्त्रियांस तेथें जवळ घेऊन नव्यानें उभें करीत. ज्या स्त्रियांस आपल्या समाजांत कोणी दाराशींही उभें करीत नाहीं, त्यांच्यासाठीं या बाया झिजतात, हें पाहून रमाबाई थक्क झाल्या. याचें कारण काय, असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस प्रभूची व शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखविली. मनाचा बांध फुटला तो तेथें. पुण्याहून फादर नेहेम्या गोरे पत्रें लिहून त्यांच्या बुद्धीच्या शंकांस उत्तरें देत होते. हे गोरे म्हणजे पूर्वाश्रमींचे नीळकंठशास्त्री. १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतलेले, आणि जन्मभर स्वतः शंकांनीं पोळलेले. त्यांच्या उत्तरांना वजन होतें तें त्यामुळेंच, असें आम्हांस वाटतें.

याच सुमारास त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिनें वाँटेज येथें आत्महत्या केली. त्या घाल्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, रमाबाईंनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. विलायतेस येऊन त्यांस अजून अर्धें वर्षही झालें नव्हतें. येथें आम्ही आमचें मत लपवीत नाहीं : आश्रमाचें प्रेम खरें होतें, पण घाई झाली. ज्या विदुषीनें दहा वर्षांत आईबाप, बहीण, भाऊ, पति व सोबतीण गमावली, तिला आधी विसावा हवा होता. प्रौढ मनुष्यास शिकवणीसाठीं पुरता अवधि देण्याची आपल्या धर्मसभेची जी जुनी वहिवाट आहे, तिचें मर्म अशा प्रसंगीं कळतें.

१८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत संस्कृत शिकवूं लागल्या व स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्रें शिकूं लागल्या. तेथून भगिनी जेराल्डिन यांस त्यांनीं जीं पत्रें लिहिलीं, त्यांत शंकांचा पूर लोटला. पवित्र त्रैक्याची शिकवण शास्त्रांत कोठें आहे? प्रभूचें ईश्वरत्व कोणत्या अर्थानें मानावयाचें? कुमारीच्या उदरीं जन्म, हें श्रद्धेचें आवश्यक अंग कां? अथानासियसच्या नांवानें चालणारा मतांगीकार तर त्यांच्या गळीं उतरेना. शिवाय लहान दिसणाऱ्या, पण खोल जाणाऱ्या कुरबुरी होत्याच. त्या मांस किंवा अंडें खात नसत. आश्रमांत कोणास हा जातीचा ताठा वाटे. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असा त्यांचा सवाल होता. लॅटिन आपल्या देशबांधवांस कळत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये, असें हिंदुस्थानांतील बिशपांनीं सुचविलें, तेव्हां त्या संतापल्या. ज्यांच्यापुढें कलकत्त्यास भरसभेंत बोललों त्यांच्यापासून आतां कशास लपावयाचें, हें त्यांस उमजेना.

भगिनी जेराल्डिन यांचीं उत्तरें कडक असत. बाप्तिस्म्यानंतर आज्ञापालन आलें, व शिष्येनें गुरुस्थानीं बसूं नये, हा त्यांचा सूर. रमाबाईंत त्यांस गर्व दिसे. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनीं मात्र दुसरा मार्ग धरिला. त्या वाद घालीत, ग्रंथ सुचवीत, पण शंका विचारणें हें पाप आहे असें त्यांनीं मानिलें नाहीं. आम्हांस विचाराल, तर दोघींच्याही बाजूस कांहीं सत्य आहे. श्रद्धा ही बाजारांतील भाजी नव्हे, कीं आवडेल ती जुडी घ्यावी व उरलेली ठेवावी. या अर्थीं जेराल्डिनबाईंचें चुकलें नाहीं. परंतु कार्डिनल न्यूमन यांनीं अडचण व अश्रद्धा यांत जो भेद दाखविला आहे, तो लक्षांत घेतां रमाबाईंचीं पत्रें अश्रद्धेचीं म्हणतां येत नाहींत. न कळलेलें कळलें म्हणून सांगणें त्यांस खोटें बोलण्यासारखें वाटे. कोणाही मनुष्यास त्याच्या सद्सद्विवेकाविरुद्ध श्रद्धेस भाग पाडूं नये, हें १९६५ सालीं व्हॅटिकन येथील दुसऱ्या विश्वसभेनें स्पष्ट शब्दांत जाहीर केलें. वाँटेजचा झगडा त्याच्या ऐंशी वर्षें आधींचा.

आणि एक गोष्ट दोन्ही पक्षांस भूषणावह आहे. मुलीच्या धर्मशिक्षणावरून सुद्धां दोघींत खटके उडाले, तरी आश्रमानें रमाबाईंस दार लावून घेतलें नाहीं. पुढें त्या अमेरिकेंत असतां मनोरमा जेराल्डिनबाईंजवळच राहिली. रमाबाईंनींही शंका गिळून खोटी शांति विकत घेतली नाहीं. धर्ममातेनें हीं सारीं पत्रें, स्वतःवरील कठोर वाक्यांसकट, जपून ठेविलीं, म्हणूनच तीं १९७७ सालीं छापून निघालीं व आज आपणांस हा वाद कळतो.

१८८६ ते १८८८ त्या अमेरिकेंत होत्या. तेथें बॉस्टनच्या मंडळीचें साह्य मिळवून त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें व पुढें तें पुण्यास आणिलें. कोणाच्या धर्मास हात लावणार नाहीं, हें वचन होतें. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, त्या सदनांत शिकूनही हिंदुच राहिल्या. पण रमाबाई आपल्या प्रार्थनेच्या वेळीं दार उघडें ठेवीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ सालीं यावरून पुण्यांत वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें, कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार सर्वस्वीं निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. आश्रयाखालीं असलेल्या मुलीस उघडें दार हेंही एक प्रकारचें बोलावणेंच असतें, आणि वाँटेजला स्वतः आश्रित राहिलेल्या बाईंस हें इतरांपेक्षां अधिक कळावयास हवें होतें.

दरम्यान त्यांच्या स्वतःच्या मनांत पालट झाला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं हॅस्लम नांवाच्या एका अँग्लिकन पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांनीं वाचलें, आणि आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी त्यांची खात्री झाली. तेथून जुन्या शंकांचा जोर ओसरला. मात्र कोणत्याही एका पंथाच्या आज्ञेंत त्या अखेरपर्यंत राहिल्या नाहींत.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून मुली आणविल्या. केडगांवच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, छापखाना चालूं लागला. एके काळीं तेथें सुमारें दोन हजार जीव पोटास खात होते. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें. फुलम येथें पाहिलेलें त्या विसरल्या नव्हत्या.

शेवटचीं वर्षें त्यांनीं बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिलीं. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर, खेड्यांतील बाईस न कळणारें, असें त्यांचें मत. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून एकेक शब्द पारखून त्यांनीं तें साध्या भाषेंत उतरविलें. ज्या शास्त्रांत त्रैक्य कोठें आहे असें त्यांनीं एके काळीं विचारिलें, तेंच शास्त्र त्या मुळाक्षरापासून पुन्हां वाचीत होत्या. १९२१ च्या जुलैंत मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं केडगांवीं देह ठेविला. त्यांच्या भाषांतराचें बायबल १९२४ सालीं मुक्तिसदनाच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे तेथील मुलींनीं जुळविले होते.